पवनानगरच्या पडवीतलं जर्मन

भाषांतराची कामं थांबली तेव्हा मी साठीला आले होते. त्याआधी कितीतरी वर्षं लोणावळ्याजवळच्या वलवणला आमच्या घरात बसून मी तळेगाव-चाकणच्या कारखान्यांसाठी जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं उतरवून द्यायचे. कुठला नट किती आवळायचा, तेल कधी बदलायचं, झाकण उघडण्याआधी कुठलं बटण बंद करायचं. कॉलेजात असताना पुण्याला राहून जर्मन शिकले ती कथा-कादंबऱ्या वाचायच्या हौसेनं, आणि आयुष्य गेलं नट-बोल्टांत. पुढे ते कामही संगणक करायला लागला. कारखान्यांचे फोन येईनासे झाले. यजमान म्हणाले, "बरं झालं, डोळ्यांना विश्रांती मिळेल." मी हो म्हटलं, पण शब्दकोश माळ्यावर टाकायला काही हात होईना.

अशात तळेगावच्या एका प्रशिक्षण केंद्रातून फोन आला. आयटीआय झालेली मुलं-मुली जर्मनीला कामाला जाणार होती, त्यांना भाषा शिकवाल का, असं एक गृहस्थ विचारत होते.

"कसल्या कामाला?" मी विचारलं.

"घरं गरम करायच्या," ते म्हणाले.

मला वाटलं, लाइन खराब आहे.

ऐकण्यात चूक नव्हती. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचा गॅस आटला आणि महागला, आणि कोळसा-तेल-गॅस कमी करायचं तिकडच्या देशांनी आधीच ठरवलं होतं त्याला आणखी घाई आली. घराघरातले तेलाचे, गॅसचे बॉयलर काढून विजेवरचे हीट पंप बसवायचे, छपरांवर सोलर पॅनल चढवायचे. ठरवलं खरं, पण ते बसवायला हात कुठून आणायचे? तिकडचे जुने कारागीर निवृत्त होत होते आणि नवी मुलं या कामाला फारशी येत नव्हती. म्हणून मावळातल्या वायरमन-फिटर पोरांना बोलावणं आलं होतं, आणि त्यांच्यामुळे मला.

वर्गात बहुतेक मुलगे होते. मुली दोन-तीनच. त्यातली एक पवनानगरच्या पलीकडच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी, इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली. सकाळी जीपनं कामशेतला यायची, तिथून लोकलनं तळेगाव. इंग्रजीची तिला धास्ती होती, जर्मन तर त्याहून अवघड असणार असं धरूनच ती आली होती. पण तिसऱ्या-चौथ्या तासाला मी गौण वाक्यं शिकवत होते, जर्मनमध्ये अशा वाक्यात क्रियापद शेवटी जातं ते दाखवत होते, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मंग हे आपल्यासारकंच हाय की मॅडम. इंग्रजीतच समदं उलटं."

वर्ग हसला, पण तिचं बरोबर होतं. तीन लिंगंसुद्धा आपल्यासारखीच, फक्त वाटणी वेगळी. आपला चंद्र पुरुष, त्यांचाही पुरुष. आपला सूर्य पुरुष, पण त्यांचा सूर्य मात्र बाई. हे सांगितल्यावर ती विचारात पडली आणि म्हणाली, "बाई हाय व्हय? तरीच एवढं काम काढून घेत्यात तिच्याकडनं."

त्या दिवशी लोकलमध्ये मी एकटीच हसत बसले होते. इतक्या वर्षांत माझ्या जर्मनवर कोणी विनोद केला नव्हता.

एकदा तिचे वडील तिला मोटारसायकलवरून सोडायला आले आणि तास संपेपर्यंत बाहेर थांबले. उंच, शांत माणूस. मी बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, एक इचारायचं हुतं. एवढा मोठा देश. त्येंला घरं तापवायला आमची पोर कशाला लागती? चूल पेटवता येत न्हाई व्हय त्येंला?"

मी त्यांना केंद्राच्या ऑफिसात नेलं. कोपऱ्यात एक जुना फ्रिज होता. "भाऊ, याच्या मागे हात लावून बघा."

त्यांनी लावला. "ऊन लागतंय."

"आतली उष्णता ओढून तो पाठीमागे टाकतो. तिकडे असलंच एक यंत्र घराबाहेर ठेवतात. त्याचं तोंड अंगणाकडे आणि पाठ घराकडे, असं समजा. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात टाकतं."

"बाहेर तर बर्फ म्हन्त्यात. बर्फात कुटली आली ऊब?"

"असते म्हणे, थोडी," मी म्हटलं. मलाही ते आदल्याच आठवड्यात वाचून कळलं होतं.

"आन त्ये चालतं कशावर?"

"विजेवर. आणि ती वीज वाऱ्याची, उन्हाची असावी असा त्यांचा प्रयत्न आहे. अजून सगळी नाही."

"मंग आदी काय जाळत हुते?"

"तेल. घराच्या तळघरात तेलाची टाकी असायची. नाहीतर गॅस."

ते थोडा वेळ फ्रिजच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "पोर लहान हाय माझी," आणि बाहेर जाऊन मोटारसायकल सुरू केली.

पहिल्या परीक्षेत ती बोलण्याच्या भागात नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली. पासपोर्ट, व्हिसा, सगळं होऊन ती गेली तेव्हा मावळात भात काढायचे दिवस होते.

मग तिचे आवाजी निरोप सुरू झाले. सुरुवातीला थंडीबद्दल आणि जेवणाबद्दल, नंतर कामाबद्दल. दक्षिण जर्मनीतल्या डोंगराळ भागातलं एक छोटं गाव, आणि त्यातला एक छोटा व्यवसाय. मालक स्वतः कामावर येणारा. तिकडे अशा माणसाला माइस्टर म्हणतात, म्हणजे परीक्षा देऊन झालेला उस्ताद. तिचं काम म्हणजे तळघरातला जुना बॉयलर सोडवायचा, तेलाची टाकी कापून तुकडे वर न्यायचे आणि नव्या पंपाची वायरिंग करायची. "मॅडम, केसातला तेलाचा वास जातच न्हाई," ती म्हणायची. बॉयलर नेताना एका घरातला म्हातारा त्यावर हात ठेवून उभा राहिला होता. "आमचा बैल इकला तवा आबा तसंच उभं हुतं," ती वडिलांबद्दल म्हणाली.

मी ते निरोप स्वयंपाक करताना ऐकायचे आणि मग पुन्हा एकदा, शांतपणे बसून. "हितं फ्लॅटमदली माणसं गॅलरीच्या कठड्याला पॅनल लावत्यात. आपन गोधड्या वाळत घालतो ना, तसं." "हितं गोठ्यावरबी पॅनल, आन गोठ्यातल्या शेनाचा गॅस. आपल्या गोबरगॅसचा मोठा भाऊच हाय." एकदा माइस्टर सगळ्यांना प्रशिक्षणाला डेन्मार्कला घेऊन गेला. तिथे सबंध गावाला मिळून एकाच ठिकाणी पाणी तापवतात आणि नळांनी घरोघर पोचवतात. "अख्ख्या गावाला एकच चूल, मॅडम! कुनाच्या घरात धूर न्हाई."

सगळं गोड नव्हतं. तिच्याबरोबरचा पोलंडचा कामगार वडिलांशी बोलत नव्हता. वडील कोळशाच्या खाणीत होते, खाण बंद व्हायची होती, आणि मुलगा नेमका हीट पंप बसवायला गेला होता. गावाबाहेरच्या टेकडीवर पवनचक्क्या येणार म्हणून रस्त्याकडेला विरोधाच्या पाट्या लागल्या होत्या. "वीज समद्यांना पायजे," ती म्हणाली, "पर पंखा दुसऱ्याच्या डोंगरावर पायजे." काही घरांमध्ये लोक तिच्याशी नीट बोलायचे नाहीत. त्यातली एक आजी दुसऱ्या दिवशी केक घेऊन तळघरात उतरली. हे तिनं एकाच निरोपात, एकाच सुरात सांगितलं.

माळ्यावर जाणारा माझा शब्दकोश पुन्हा टेबलावर आला होता. त्यात नसलेले शब्द मी मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत होते. ज्या देशात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं त्याची तळघरं मला पाठ व्हायला लागली होती.

ती गेल्याला दोन हिवाळे झाले आणि तिच्या वडिलांचा फोन आला. माइस्टर आणि त्याची बायको भारत बघायला येत होते आणि त्यांना मुलीच्या आई-वडिलांना भेटायचं होतं. मुलीला मात्र येता येणार नव्हतं, कारण माइस्टर इकडे येणार म्हणून तिकडची कामं तिच्यावर सोपवली होती.

"तुमी या बाई मधी बोलायला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "उर्से गावाकडचं एक स्थळ आलंय तिला. मुलगा चांगला हाय, कंपनीत हाय. मालक येतोयच, तर त्येलाच सांगू. म्हनावं, झालं काम, आता पोरीला मोकळी करा."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जे बोलाल तेच मी त्यांना सांगेन. जास्त नाही, कमी नाही."

फोन ठेवल्यावर मी मुलीला निरोप धाडला. बापानं काय ठरवलंय ते तिला ठाऊक होतं. माइस्टर तिला पुढे शिकवायचं म्हणतोय, तिलाही माइस्टरची परीक्षा द्यायचीय, आणि हेच विचारायला तो घरी येतोय, असं तिनं मला सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमी माज्या बाजूनं बोलू नका. फकस्त बरोबर बोला."

त्या आठवड्यात मला झोप कमी लागली. खरं सांगायचं तर जर्मन माणसाशी समोरासमोर बसून अर्ध्या तासापेक्षा जास्त मी कधी बोललेच नव्हते. कारखान्यात कोणी आलं तरी ते इंग्रजीत बोलायचे. माझं जर्मन कागदावरचं होतं.

ते दोघं लोणावळ्यातल्या हॉटेलात उतरले होते. सकाळी गाडी घेऊन मला न्यायला आले. माइस्टर पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा, बोटं जाड. बायको उंच, हसरी. गाडीत तो माझ्यासाठी सावकाश, शाळेतल्यासारखं बोलत होता आणि मला सगळं कळत होतं. वलवणचं धरण बघून त्यानं विचारलं, हे पाणी कशासाठी? मी सांगितलं की हे नळांनी घाटाखाली खोपोलीला जातं आणि तिथे वीज करतं, ब्रिटिशांच्या काळापासून. त्यानं गाडी थांबवायला लावली, उतरला आणि धरणाकडे बघत राहिला. "आणि आम्ही तुम्हाला शिकवायला निघालोय!" असं काहीतरी बायकोला म्हणाला. मी रोज सकाळी त्या धरणाच्या कडेनं फिरायला जाते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा थोडा गर्व वाटला.

पवनानगरच्या पुढे त्यांच्या घरी पोचलो तर पडवी सारवलेली, नव्या चटया अंथरलेल्या. वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता. आई डोक्यावर पदर घेऊन दारात उभी. इंद्रायणीचा भात, तिथल्या धरणातल्या माशांचं कालवण, भाकरी. माइस्टरनं हातानं जेवायचा प्रयत्न केला आणि त्याच्या बायकोला ते त्याच्यापेक्षा छान जमलं.

जेवण झाल्यावर वडिलांनी घसा खाकरला. "इचारा बाई, पोर कशी काय हाय कामात?"

माइस्टरनं सांगितलं, मी सांगत गेले. काम स्वच्छ करते. न कळलेलं विचारते. ग्राहकाला समजावते. तिला आता माइस्टरची परीक्षा द्यायला लावायची त्याची इच्छा आहे, शिक्षणाचं सगळं तो बघेल, पण आई-वडिलांना विचारल्याशिवाय तो पुढे जाणार नाही.

वडिलांनी ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे न बघता, त्याच्याकडे बघून म्हणाले, "त्येंला म्हनावं, लय उपकार. पर पोर आमचीबी हाय. तिचं लगीन करायचंय. आता तिला सोडा."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. जसंच्या तसं. सांगताना मला ते नको होतं, पण एक शब्दही मी मऊ केला नाही.

माइस्टरचा चेहरा पडला. तो भराभर बोलायला लागला आणि त्या भरात त्याची शाळेतली भाषा सुटली, त्याची घरची, डोंगरातली बोली आली. मला एक अक्षर कळलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी म्हटलं, "माफ करा, मला कळलं नाही."

त्याची बायको मोठ्यानं हसली. "काळजी करू नका," ती मला म्हणाली, "मी उत्तरेकडची आहे. लग्न होऊन आले तेव्हा माझी सासू काय बोलायची ते मला वर्षभर कळायचं नाही. मी नुसती मान हलवायचे, आणि मग भलतंच काहीतरी करून बसायचे."

मी ते मराठीत सांगितलं. आतापर्यंत गप्प बसलेली मुलीची आई एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली. "माजंबी तसंच," ती म्हणाली. "मी घाटाखालची. हितं आले तवा ह्यांच्या आईचं बोलनं मला कळायचं न्हाई. 'व्हय व्हय' म्हनायचे आन शिव्या खायचे."

मी ते तिकडे पोचवलं. दोघी एकमेकींकडे बघून हसत राहिल्या, आणि पडवीतलं अवघडलेपण बरंच ओसरलं. माइस्टरनं सावकाश पुन्हा सांगितलं. त्याला एवढंच म्हणायचं होतं की मुलगी जायचं म्हणाली तर तो तिला अडवणार नाही, पण त्याला वाईट वाटेल.

तेव्हा आई पुढे सरकली. तिनं माइस्टरला नाही, त्याच्या बायकोला विचारलं.

"ती समद्यांची घरं ऊन करती म्हन्त्यात. तिच्या सोताच्या खोलीत ऊब हाय का?"

हे वाक्य मी किती वेळात जर्मन केलं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मला दोनदा सुरुवात करावी लागली.

माइस्टरच्या बायकोनं पिशवीतून फोन काढला आणि आईच्या शेजारी चटईवर येऊन बसली. फोनमध्ये फोटो होता. त्यांच्याच घराच्या माळ्यावरची खोली, उतरतं छप्पर, खिडकीबाहेर पांढरं बर्फ. आत मुलगी विजेच्या शेगडीवर तव्यात भाकरी टाकतेय, सुती कुर्ता घातलेला.

आईनं फोटो बोटांनी मोठा केला, तिचा चेहरा पाहिला, मग खाली सरकवत सरकवत पाय पाहिले.

"अनवानी हाय," ती म्हणाली.

"जमिनीखालून गरम पाण्याचे नळ आहेत," मी सांगितलं. "तिनंच जोडलेत म्हणे, त्यांच्याबरोबर."

आई वळून नवऱ्याला म्हणाली, "पायात काय घातलेलं न्हाई. म्हंजी थंडी न्हाई तिला. शिकू द्या."

"आन उर्श्याच्या पावण्यांना काय सांगू?"

"सांगा, पोर शिकतीया. थांबायचं तर थांबा."

वडील उठून अंगणात गेले, गोठ्याकडे एक चक्कर मारून आले. परत बसले आणि मला म्हणाले, "त्येंला इचारा, शिकून झाल्यावं हितं येऊन तिला असलं काय करता येईल का? हितं कुटं बर्फ पडतंय?"

माइस्टरला प्रश्न आवडला. तो म्हणाला, हाच पंप उलटा चालवला की घर थंड करतो. आणि पाणीही तापवतो. लोणावळ्यात एवढी हॉटेलं आहेत, सगळी काहीतरी जाळूनच पाणी तापवत असतील. "पण कुठे राहायचं आणि काय करायचं," तो म्हणाला, "ते तिनंच ठरवायचं."

हे वाक्य भाषांतर करायला सोपं होतं. वडिलांनी मान हलवली. हो म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

निघताना आईनं माइस्टरच्या बायकोची ओटी भरली, मग माझीही. इंद्रायणीची एक पिशवी गाडीत ठेवली. परतीच्या वाटेवर माइस्टर झोपला आणि आम्ही दोघी बायका बोलत राहिलो. ती हळूहळू आपल्या उत्तरेकडच्या बोलीवर आली आणि मला ती समजत होती. काळोख पडायच्या आत मला घरी सोडलं. यजमानांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "बोलले." आणि मला रडू आलं.

उर्श्याचं स्थळ थांबलं नाही. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, त्याला आम्ही सगळ्यांनी चांगलंच म्हटलं. आमच्या मुलीनं माइस्टरच्या परीक्षेचा पहिला भाग पार केला आहे. गेल्या दिवाळीला आली तेव्हा तिनं आधी घरातलं सगळं वायरिंग तपासलं आणि बापाला दोन स्विच बदलायला लावले. मला ती आता मॅडम म्हणत नाही, मावशी म्हणते. माझे तळेगावचे वर्ग चालू आहेत. फिटर, प्लंबर, वायरमन. तिकडचे लोक आपसात भांडतात, सरकारं बदलतात, नियम मागे-पुढे होतात, कधी मागणी वाढते कधी थंडावते. ते सगळं मी आता पेपरात शोधून वाचते, कारण माझी पोरं तिथे आहेत. पण इतक्या लांबच्या देशांनी आपली घरं वेगळ्या तऱ्हेनं तापवायचं ठरवलं, आणि त्यामुळे लोणावळ्यातल्या एका बाईच्या तोंडची भाषा चार माणसांच्या उपयोगी पडली, हे मला अजूनही आश्चर्याचं वाटतं. त्यांना हे कधी कळणार नाही. म्हणून मीच माझ्यापुरतं त्यांचं देणं मानते.

मुलीची आई अधूनमधून माझ्याकडे येते. दर रविवारी माइस्टरची बायको तिला व्हिडिओ कॉल करते, आणि दोघींना नुसतं हसून भागवायचा आता कंटाळा आलाय. मागच्या आठवड्यात ती माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "बाई, पोटभर जेवलीस का, ह्ये कसं म्हनायचं?"

जर्मन माणसं फोनवर असं सहसा कोणाला विचारत नाहीत. मी थोडा विचार करून तिला एक सरळ वाक्य बांधून दिलं. तिनं ते भांडी विसळतानासुद्धा म्हटलं, जीपच्या थांब्यापर्यंत म्हणत गेली.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले होते. फोन लागला. आईनं वाक्य म्हटलं, अगदी स्वच्छ. पलीकडच्या बाईनं खूश होऊन फोन फिरवला आणि टेबलावरचं ताट दाखवलं. दोन उकडलेले बटाटे, थोडं दही, पावाचा तुकडा.

आईनं ताट नीट बघून घेतलं.

"एवढंच?" ती मला म्हणाली. "ह्ये कसं म्हनायचं?"